धुवून आलेले पाय

आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, हे मला दरवर्षी कॅलेंडरच्या आधी वसुबायकडून कळतं. वसुबाय मासळीवाली. किनाऱ्यावरच्या गावातून सकाळच्या टेम्पोने बोईसरला उतरते, पाटी आमच्या जिन्यात टेकवते आणि खालूनच ओरडते, "टीचर, तुमचा उपास लागला नं? मंग पापलेट घे. ताजा हाय." तिचा देव वेगळा, माझा वेगळा, पण माझ्या देवाच्या या चाळीस दिवसांत तिचा धंदा बरा चालतो. शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, म्हणून आम्ही पापलेट खातो, कोलंबी खातो, आणि अगदीच त्याग करायचा झाला तर बोंबील. एकदा मी वैतागून तिला म्हटलं, "अगं, उपास म्हणजे कमी खायचं असतं." पाटीवरचं प्लास्टिक बाजूला करत ती शांतपणे म्हणाली, "मंग लहान घे."

यंदाही ती आली आणि तिच्यामागून सगळं ओळीने आलं. स्टेशनबाहेर ताडगोळेवाल्या बसल्या. शेजारणीच्या गच्चीत चिंच सोलून वाळत पडली. शाळांनी वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लावलं आणि माझ्या रविवारच्या वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा भाव आला, की टीचर, आम्ही देहाने इथे आहोत, एवढंच समजा. मी चर्चमध्ये धर्मशिक्षण देते. पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरं, आणि वर्षभरात त्यांना देव, पाप, क्षमा, भाकर आणि द्राक्षारस हे सगळं समजावून ईस्टरनंतरच्या एका रविवारी पांढऱ्या कपड्यांत वेदीपुढे उभं करायचं. हे काम मी इतकी वर्षं करतेय, की पहिल्या तुकडीतल्या मुलांची लग्नं झाली. त्यांतले काही आता स्वतःच्या मुलांना सोडायला येतात आणि मला विचारतात, "टीचर, तुम्ही अजून इथेच?"

हो, इथेच. चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. मार्चमध्ये तिथे बसणं हेच प्रायश्चित्त आहे, वेगळं करायची गरज नाही. वारा कारखान्यांकडून आला की खिडक्या लावायच्या, नाही आला की पलीकडच्या लग्नाच्या हॉलमधला बँड ऐकायचा. आम्ही इकडे येशूचं दुःखसहन शिकवतो आणि तिकडे वरात नाचते. वर्गात एकाच्या घरी मल्याळम, दुसऱ्याच्या घरी कोकणी, तिसऱ्याच्या घरी हिंदी, डोंगराकडून आलेल्यांच्या घरी त्यांची बोली, आणि मी मराठीतून बोलणार. मुलं समजून घेतात बिचारी, किंवा समजल्यासारखं दाखवतात. पालकांचं एकच, "टीचर, प्रार्थना पाठ झाल्या ना? मग बास." जणू पाढे आहेत. शेवटच्या बाकावर दरवर्षी एक मूल झोपलेलं असतं. यंदा जेनी आहे. मान भिंतीला टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून ती दर रविवारी इतकी गाढ झोपते, की तिला उठवणं मला पाप वाटतं.

आणि सुट्टीचा घोळ वेगळाच. आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. रविवारी पहिली पाळी, दुसरी पाळी, सगळं चालू. त्यामुळे गुड फ्रायडेला आमचं चर्च ओसंडून वाहतं, बाहेर मंडप घालावा लागतो, आणि ईस्टरच्या सकाळी बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. आमच्या अर्ध्या धर्मग्रामाने, म्हणजे या चर्चच्या निम्म्या माणसांनी, येशूला मरताना दरवर्षी पाहिलंय, उठताना कधीच नाही. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलले तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

हा मोसम असा आला, की मला त्या एका वर्षाचा उन्हाळा आठवतो. रोशनीच्या वर्षाचा.

त्या वर्षी आम्हा धर्मशिक्षकांना अधिक प्रभावी करायचं ठरलं होतं. ते अधूनमधून ठरतच असतं. बाहेरून एक प्रशिक्षक आले, लॅपटॉप आणला, हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. भिंतीचे पोपडे पडलेले होते, त्यामुळे मोशेच्या चेहऱ्याच्या मध्यभागी कायम एक खड्डा. आधी आम्हाला फुगे फुगवायला लावले. माझ्या शेजारी गुडघे दुखणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनाही उठून फुगा हवेत ठेवायचा होता. मग सांगितलं, की मुलांच्या डोळ्यांत बघून बोला, त्यांच्या जगातली उदाहरणं द्या, शैक्षणिक साधनं वापरा, रंगीत तक्ते करा. शेवटी प्रत्येकाने एका शब्दात सांगायचं होतं, की आपण का शिकवतो. कोणी प्रेम म्हणालं, कोणी सेवा, कोणी पाचारण. माझी पाळी आली तेव्हा मी "सवय" म्हटलं. प्रशिक्षक हसले, पण त्यांनी ते फळ्यावर लिहिलं नाही.

तरी मी तक्ते केले. खोटं कशाला बोलू, मला कुठेतरी वाटलं होतं, की कदाचित आपलंच चुकत असेल. थर्माकोलचं ताट, त्यावर कापसाची भाकर. जेनीच्या आधीचा जो कोणी शेवटच्या बाकावर होता, तो तक्त्यांसमोरही झोपला.

रोशनी पहिल्या बाकावर बसायची. झोपायची नाही, हीच पंचाईत. तिची माणसं मूळची डोंगराकडची, पावसावरची थोडी शेती होती. ती धाकट्या काकावर सोडून बाप कंपनीत लागला आणि सगळे सरावलीला एका खोलीत राहायला आले. बापाचं नाव सायमन. तो रोशनीला सायकलवर मागे बसवून आणायचा, फाटकाशी उतरवायचा आणि वर्ग नि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपेपर्यंत तिथेच सायकल धरून उभा राहायचा. पाऊस असो, ऊन असो. पाळीमुळे रविवारी येता नाही आलं तर कधी आई यायची, पण ज्या रविवारी तो यायचा त्या रविवारीही तो आत यायचा नाही. मी दोन-तीनदा फाटकापर्यंत जाऊन म्हटलं, "सायमन, आत पंखा तरी आहे." तो मान खाली घालून म्हणायचा, "बरा हाय इथं, टीचर."

मला राग यायचा. कारण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आमच्याकडे मुलाला आई आणि बाप दोघं हाताला धरून वेदीपर्यंत आणतात. मुलं वर्षभर प्रार्थना पाठ करतात ती त्या चालण्यासाठी. मी वर्गात विचारलं, कोणाकोणाचे आईबाबा येणार? सगळे हात वर. रोशनीचा हात खाली. आणि मग ती उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझा बाबा आत नाय आला तर मी ख्रिस्तप्रसाद नाय घेणार."

झालं. आता हिला काय सांगायचं? देव तुझा आहे, बाबा आला काय नि नाही आला काय? हे मी सांगितलंही. ती ऐकून घेते आणि उत्तर देते, "मग देवानंच सांगावा बाबाला." मी फळ्याकडे वळले आणि उगाच तारीख पुसून परत लिहिली.

पवित्र गुरुवार जवळ आला होता. त्या संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, म्हणून. त्या वर्षी फादरांनी ठरवलं, की ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांच्या वडिलांपैकी बारा घ्यायचे. कल्पना चांगली होती. पण आमच्या धर्मग्रामात कोणतीही चांगली कल्पना फिलोमिना आंटींच्या हातातून गेल्याशिवाय वेदीपर्यंत पोहोचत नाही.

फिलोमिना आंटी म्हणजे आमच्या वेदीची कापडं, फुलदाण्या आणि शिस्त. वेदीवरची चादर त्या स्वतः घरी नेऊन खळ घालून इस्त्री करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी रविवारी मिस्सेनंतर माईकवर सूचना दिली. "ज्यांचे पाय धुवायचे आहेत त्यांनी पाय स्वच्छ धुवून यावं. नखं कापावीत. टाचा घासाव्यात. येताना मोजे घालावेत, म्हणजे वाटेत धूळ लागणार नाही."

आणि आमची माणसं अगदी तेच करतात. दरवर्षी. इतर वेळी कोणाची सूचना कोणी ऐकत नाही, सायकली आणि बाइका फाटकासमोर लावू नका म्हणून फादरांचा घसा बसला, पण पाय धुवायच्या सूचनेचं पालन शंभर टक्के. बायका गुरुवारी दुपारी नवऱ्यांना बाथरूममध्ये पाठवतात, टाच घासायचा दगड देतात, वर खोबरेल तेल चोळतात. एकाच्या पायाला तर मी पावडर लावलेली पाहिली आहे. आणि मग फादर गुडघ्यावर बसून त्या लख्ख, तेल लावलेल्या, पावडरीच्या पायांवर पाणी ओततात आणि पुसतात. ताटातलं पाणी जसंच्या तसं. पिऊन टाकलं तरी चालेल असं. मी दरवर्षी बाकावर बसून हे पाहते आणि आतल्या आत चरफडते. अरे, मग तो गुडघ्यावर बसलाय कशाला? तुम्ही घरून परीक्षा देऊनच आलात की!

त्या रविवारी वर्गात मी मुलांना ती गोष्ट सांगितली. येशू टॉवेल कमरेला गुंडाळून खाली बसला आणि पेत्राने पाय मागे घेतले, नको म्हणाला. रोशनीने हात वर केला.

"टीचर, पेत्राचे पाय खरंच घाण होते?"

"होते ना. चालून चालून आलेला. तेव्हा रस्ते मातीचे."

"मग तो धुवून का नाय आला?"

मी काही बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "माझ्या बाबाचे धुतले तरी निघत नाय." मागून कोणीतरी मोरासारखा आवाज काढला. सगळा वर्ग हसला. तोवर मला माहीत नव्हतं, पण मुलांना केव्हाचं माहीत होतं. रोशनीचा बाप कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. वर्षभर त्यांच्या खात्यात मोरपिशी रंग चाललेला. पाय घोट्याच्या वरपर्यंत मोरपिशी. आमच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढून आत जायची रीत आहे, डोंगराकडच्या माणसांनी ती आणली आणि मग सगळ्यांनीच धरली. हा कायम बूट घालून यायचा, ते काढले की पाय दिसणार. म्हणून तो फाटकाशी उभा. आणि पोरीला वर्गात मोराची पोरगी म्हणत होते, माझ्या तक्त्यांच्या नाकासमोर.

मी आवाज काढणाऱ्याला उभं केलं आणि इतकी ओरडले, की शेजारच्या वर्गातल्या टीचर दारात आल्या. डोळ्यांत बघून बोलायचं होतं ना, तेही केलं.

पवित्र गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी मी रिक्षा करून सरावलीला गेले. सुट्टीचा दिवस, चाळीत सगळे पुरुष घरी, कोणी मोबाइल बघतोय, कोणी पोराचे केस कापतोय. सायमन पायरीवर बसला होता आणि घमेल्यात पाय बुडवून विटेच्या तुकड्याने घोटा घासत होता. बाजूला लिंबाच्या साली, रॉकेलचा वास. घोटा सोलून लाल झाला होता आणि लालच्या खालून मोरपिशी तसाच. आतून त्याची बायको म्हणाली, "दर शुक्रवारी घासतो. शनवारी परत कामावर जातो. कसा निघंल?"

"कंपनी बूट देत नाही का?" मी विचारलं.

"देते. फाटका हाय. पानी आत जातंच."

मी सांगायला सुरुवात केली. फादरांनी तुझं नाव बारा जणांत घेतलंय. येशूने कोळ्यांचे, जकातदारांचे पाय धुतले. देवाला पायाचा रंग दिसत नाही. त्याच्या जगातली उदाहरणं दिली, डोळ्यांत बघून दिली. सायमन ऐकत होता आणि घासत होता. शेवटी म्हणाला, "टीचर, तुमी सांगता ते बरा हाय. पन फादर पांढरा झगा घालतो. टावेल पांढरा. माझा रंग लागंल. फिलोमिना आंटी काय म्हनंल?"

फिलोमिना आंटी काय म्हणतील ते मलाही माहीत होतं.

दाराच्या चौकटीला टेकून रोशनी उभी होती. ती बापाकडे न बघता म्हणाली, "नको येऊ. मी पन नाय घेत." आणि आत गेली. सायमनचा हात थांबला. मी परत येताना रिक्षात बसून स्वतःशीच भांडत होते. इतकी वर्षं शिकवते आणि एका माणसाला फाटकातून वेदीपर्यंत आणता येत नाही. मग मी नेमकं शिकवते काय?

फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याची खुर्ची ठेवा." फिलोमिना आंटी म्हणाल्या, "आणि तो नाही आला तर? पायांच्या अकराच जोड्या बऱ्या दिसतील का?" मग थोडं थांबून, "आणि आला तर टॉवेल?" मी म्हटलं, "आंटी, टॉवेल पुसायलाच असतो." त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

गुरुवारची संध्याकाळ. चर्चमध्ये उकाडा, अगरबत्त्यांसारखा धुपाचा धूर, नवीन साड्या. वेदीसमोर बारा खुर्च्या. अकरा भरलेल्या, मोजे काढून ठेवलेले, पाय लख्ख. बारावी रिकामी. मी मुलांच्या बाकाच्या टोकाला, माझ्या शेजारी रोशनी. दारातून फाटक दिसत होतं आणि फाटकात सायकल धरून सायमन. पाळी संपवून तसाच पोरीला सोडायला आलेला. प्रवचन झालं. फादर झगा उतरवून टॉवेल बांधू लागले. गायकवृंदाने गाणं धरलं. फिलोमिना आंटींनी मागच्या रांगेतल्या एका स्वच्छ माणसाला खुणेने पुढे बोलवायला सुरुवात केली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठले आणि भर मिस्सेत, सगळ्यांच्या देखत, मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. फाटकाशी जाऊन सायमनच्या सायकलचं हँडल धरलं.

"सायमन, मी तुला समजवायला आलेली नाही. समजवून झालं माझं. तुझी खुर्ची रिकामी आहे. तुला यायचं नसेल तर आत ये, पोरीच्या समोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने तिला सांग, की मी नाही येणार. मी सांगणार नाही. मी कंटाळले आता. तुम्हा सगळ्यांना कंटाळले."

माझ्या आवाजाने रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबला. सायमनने माझ्याकडे पाहिलं. मग सायकल फाटकाला टेकवली. बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले. आणि आत आला.

ते पाय मी तेव्हाच पहिल्यांदा पुरे पाहिले. त्या दिवसाचा ओला रंग होता. नखांत, भेगांत, घोट्याच्या हाडाभोवती. पांढऱ्या लाद्यांवर फिकट ठसे उमटत गेले. मागून एक मूल "मोर" म्हणालं आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. सायमन खुर्चीच्या कडेवर बसला, उठून पळता येईल असा.

फादर एकेकाचे पाय धुवत आले. पाणी, टॉवेल, पुढे. पाणी, टॉवेल, पुढे. अकरा झाले तरी ताटातलं पाणी नितळ. मग सायमनच्या पायावर पाणी पडलं आणि ताट मोरपिशी झालं. फादर थांबले. पायाकडे बघितलं, अंगठ्याने थोडं चोळून पाहिलं. मग मान वर करून सेवा करणाऱ्या मुलीला हळूच विचारलं. तिला कळलं नाही. तेव्हा त्यांनी जरा मोठ्याने विचारलं आणि ते माईकमध्ये गेलं.

"साबण आहे का?"

साबण नव्हता. ट्रेमध्ये पाण्याचा जग होता, टॉवेल होता, लिंबाचे काप टाकलेली वाटी होती फादरांच्या हातांसाठी. साबण ठेवायचं कोणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. इतक्या वर्षांत लागलाच नव्हता. गायकवृंदाची कडवी संपली. त्यांनी पहिल्यापासून परत सुरू केलं. कोणीच हलेना. फादर गुडघ्यावर, सायमनचा पाय त्यांच्या हातात, आणि सायमनच्या कपाळावरून घामाची धार.

मग फिलोमिना आंटी उठल्या. पुटपुटत, साडीच्या निऱ्या सावरत त्या बाजूच्या दाराने गेल्या. सगळ्यांना वाटलं रागाने गेल्या. त्या परत आल्या तेव्हा हातात बाहेरच्या बेसिनवरची साबणाची वडी होती, तडकलेली, अर्धी झिजलेली. त्यांनी ती फादरांना दिली आणि खाली वाकून टॉवेलाचं एक टोक स्वतः धरलं.

फादरांनी साबण लावला आणि चोळलं. भेगेत बोट घालून चोळलं. दुसरा पाय घेतला, तोही तसाच. रंग पूर्ण निघाला नाही. निघणार नव्हताच. पण पाणी दाट झालं, टॉवेल डागाळला आणि फादरांचे हात मनगटापर्यंत मोरपिशी झाले. त्यांनी पाय पुसून त्यावर ओठ टेकवले. सायमन रडत नव्हता, नुसता छताकडे बघत होता. मीच रडत होते, आणि मला त्याचाही राग येत होता.

लिंबाच्या पाण्याने फादरांचे हात काही स्वच्छ झाले नाहीत. पुढे वेदीवर त्यांनी ख्रिस्तप्रसाद वर उचलून धरला, घंटा वाजली, सगळे गुडघ्यावर. त्या पांढऱ्या भाकरीभोवती फादरांची बोटं मोरपिशी होती. पत्र्याच्या हॉलमध्ये वर्षभर मी थर्माकोल कापून जे सांगायचा प्रयत्न करत होते ते तिथे वर धरलेलं होतं. रोशनी माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "टीचर, आता फादरला पन दर शुक्रवारी घासावा लागंल."

ईस्टरनंतर ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये वेदीपर्यंत चालली. एका हाताला आई, एका हाताला बाप. बापाने त्या दिवसासाठी सुट्टी घेतली होती, पाय तसेच होते. काही मुलं हसली, खोटं कशाला सांगू. रोशनीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या पावसाळ्यात काका आजारी पडला आणि शेत बघायला ती माणसं डोंगराकडे परत गेली. नंतर त्यांची खबर लागली नाही. इकडे कोणी त्यांच्या भागातलं भेटलं की मी विचारते.

आणि आमचं काय झालं? काही नाही झालं. हेच तर मला सहन होत नाही. पुढच्या वर्षी फिलोमिना आंटींनी माईकवर तीच सूचना दिली, पाय धुवून या, टाचा घासा, मोजे घाला. माणसं तशीच आली, लख्ख. मी दरवर्षी वर्गात सांगते, तुमच्या बाबांना म्हणावं धुवून येऊ नका. मुलं घरी सांगतात, आया म्हणतात टीचरला काय कळतं. प्रशिक्षक पुन्हा आले, पुन्हा फुगे आले. त्यांनी विचारलं, सर्वांत प्रभावी शैक्षणिक साधन कोणतं? मी साबण म्हटलं. तेही त्यांनी लिहिलं नाही.

फक्त एक झालं, आणि ते कोणी ठरवून केलं नाही. त्या वर्षानंतर ट्रेमध्ये पाण्याच्या जगाशेजारी साबणाची नवी वडी असते. फिलोमिना आंटी ठेवतात. मी एकदा त्यांना विचारलं तर "असू दे" एवढंच म्हणाल्या. मिस्सा संपली की वडी कोरडीच परत जाते. कागदसुद्धा अर्धाच काढलेला.

गेल्या रविवारी वर्गात सगळे पेंगलेले. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. बाहेर बँड. मी पाय धुण्याची गोष्ट निम्मी सांगून थांबले, पुढे सांगायचा मला अगदी कंटाळा आला होता. उगाच विचारलं, "सगळे पाय धुवूनच येतात, तर मग ट्रेमध्ये साबण कशाला ठेवतात?"

कोणी म्हणालं शोभेला. कोणी म्हणालं विसरून. मी खडू उचलला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, भिंतीला टेकलेली मान न हलवता, डोळे अर्धे मिटलेलेच, जेनी म्हणाली, "कोणीतरी न धुता येईल म्हणून."

मी खडू खाली ठेवला. "जा," म्हटलं, "उद्या पेपर आहे ना तुमचा?"